माळ्यावरचा संसार

प्रत्येक मराठी घरात एक जागा अशी असते, जिथे पाहुण्याला नेले जात नाही. जुन्या वाड्यात ती अडगळीची खोली होती, कोकणातल्या घरात पोटमाळा होता, चाळीत दाराच्या वर ठोकलेली लांबरुंद फळी होती. पुढे फ्लॅट आला तेव्हा बिल्डरने न्हाणीघराच्या डोक्यावर सिमेंटचा माळा काढून दिला आणि आपण त्याला पडदा लावला. नाव बदलले, आकार बदलला, काम तेच राहिले. जी वस्तू वापरायची नाही आणि टाकवतही नाही, ती तिथे जाते. एकदा वर गेलेली वस्तू सहसा खाली येत नाही. वर्षातून एकदा खाली येतो तो गणपतीच्या मखराचा खोका, आणि तो ओढताना आणखी चार वस्तू अंगावर येतात. त्या तशाच परत आत कोंबल्या जातात आणि ‘या दिवाळीत हा माळा आवरायचाच’ असे घरातले कोणीतरी जाहीर करते. बहुतेक घरांत ही घोषणा दहा-पंधरा वर्षे जुनी असते.

आता मात्र ती अमलात आणण्याची वेळ अनेकांवर आली आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. सोसायटीच्या सभा होतात, करारावर सह्या होतात, आणि मग ठरलेल्या मुदतीत घर मोकळे करून भाड्याच्या जागेत जायचे असते. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या जेमतेम १६० चौरस फुटांच्या. त्यांत तीन-तीन पिढ्यांचे संसार झाले ते फळ्यांच्या आणि माळ्यांच्या जिवावर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा त्या प्रत्येक घराने आधी एक माळा उतरवलेला होता. चाळीस वर्षे भरत गेलेली जागा दोन रविवारांत रिकामी करायची, म्हणजे निवड करायला वेळ राहत नाही. मग टेम्पो येतो, भंगारवाला येतो आणि वजनकाटा जे ठरवील ते खरे.

दुसराही एक प्रसंग असतो, आणि तो अधिक जड. घरातले शेवटचे म्हातारे माणूस जाते. तेराव्यानंतर मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेला परतायची असते. हातात आठ दिवस असतात. भाऊ-बहीण माळ्यासमोर उभे राहतात आणि त्यांच्या लक्षात येते की यातली निम्मी बोचकी कोणाची, कशाची, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. पितळेचा डबा आहे, त्यावर कोणाचे तरी नाव आहे, पण ती बाई आपली कोण हे ठाऊक नाही. फोटो आहेत, त्यांतले चेहरे ओळखीचे वाटतात, पण नावे सांगता येत नाहीत.

माळा कधी ना कधी रिकामा होणारच असतो. तो वस्तू ओळखणारे माणूस घरात असताना करायचा की ते गेल्यावर, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. आणि तो निर्णय मुदत येण्याआधी घ्यावा लागतो.

साठवणारी पिढी

तरुण मंडळी माळ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारतात तो असा : ‘आजी, हे कशाला ठेवलंस?’ या प्रश्नात थोडी चेष्टा असते आणि बराच अन्याय असतो. ज्या पिढीने हा माळा भरला, तिने टंचाई पाहिली होती. रेशनच्या रांगा पाहिल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे त्या पिढीत आहेत. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे, फोनसाठी तर त्याहून अधिक, हे त्या काळी सर्रास होते. अशा घरात टीव्ही आला म्हणजे त्याचा खोकाही जपून ठेवला जाई. दुरुस्तीला न्यायचा तर लागेल, घर बदलले तर लागेल, असा तो हिशेब होता आणि त्या काळाला तो धरून होता. दोरी, खिळे, रिकाम्या बरण्या, आलेल्या पार्सलाचा तपकिरी कागद हे सगळे ‘लागेल कधी तरी’ म्हणून ठेवले गेले, कारण ते खरोखरच लागत असे.

काही घरांत या साठवणीच्या मागे एखादे मोठे नुकसानही असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी कुटुंबांची भांडीकुंडी, कागदपत्रे, फोटो एका दिवसात वाहून गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या तळमजल्यावरच्या घरांत पलंगाखालच्या ट्रंका बुडाल्या आणि वाचले ते माळ्यावरचे. असे काही पाहिलेला माणूस पुढे आयुष्यभर ‘ते वर ठेव’ म्हणतो, त्यात नवल नाही.

तेव्हा माळा आवरायला घेताना पहिली गोष्ट म्हणजे भरणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. ज्याला वेडेपणा म्हणून हिणवले, तो माणूस पुढे एकही वस्तू सोडत नाही. उलट ‘तेव्हा हे मिळत नव्हतं, म्हणून जपलं’ एवढे कोणी मान्य केले, की त्याच माणसाच्या तोंडून ‘आता काढून टाका’ हे शब्द पुष्कळदा आपोआप निघतात.

वस्तू पुढे जायच्या बंद झाल्या

आपल्या आज्या-पणज्यांना साठवणीची हौस होती, हा एक गैरसमज आहे. त्यांच्या घरात वस्तू मुळात कमी होत्या आणि ज्या होत्या त्या सतत पुढे सरकत असत. नऊवारी लुगडे विरले की त्याची गोधडी होई. गोधडी फाटली की तिचे तुकडे बाळाच्या दुपट्यांना, त्यानंतर हात पुसायला आणि शेवटी पोतेऱ्याला. तांब्याचे भांडे चेमटले तर तांबट ते ठोकून सरळ करी, पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला दारात बसून पुन्हा चकाकी आणी. गादीतला कापूस पिंजारी पिंजून द्यायचा. जुने कपडे घेऊन स्टीलचे भांडे देणारी बोहारीण आणि तिच्याशी एका वाटीसाठी अर्धा तास चालणारी घासाघीस, हा तर मध्यमवर्गीय दुपारचा एक कार्यक्रमच होता. रद्दी, बाटल्या, पत्रा यांनाही घेणारा होता. घटस्थापनेपूर्वी गावोगाव घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर जाई, भिंती सारवल्या जात, फडताळे रिकामी होऊन पुन्हा लागत. वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येक वस्तूला कोणाचा तरी हात लागे.

ही साखळी गेल्या साठ वर्षांत एकेक करून तुटली. आधी स्टील आले आणि तांब्या-पितळेच्या हंड्या-कळश्या, घंगाळी, बंब माळ्यावर गेले. पुष्कळ ठिकाणी ते मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले गेले. (तीच घंगाळी आज मोठ्या शहरांतल्या दुकानांत शोभेची वस्तू म्हणून भरपूर किंमत घेऊन बसली आहेत, हा काळाचा विनोद.) मग प्लास्टिक आले, ज्याची गोधडी होत नाही. थर्माकोल आला आणि दर वर्षीचे मखर पुढच्या वर्षासाठी वर जाऊ लागले. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, पण त्याआधीची मखरे कित्येक माळ्यांवर अजून धूळ खात आहेत. त्यानंतर टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, जाड पाठीचा टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, आठ-दहा चार्जर आणि कशाच्या आहेत हे कोणालाच न कळणाऱ्या वायरी. शिवाय लग्ना-मुंजीतले आहेर : तीन लेमन सेट, पाच भिंतीवरची घड्याळे, गणपतीच्या अगणित मूर्ती. हे आहेर आपण फिरवतो खरे, पण कधी कधी ते फिरून आपल्याच घरी येतात.

वस्तू घरात येण्याचा दरवाजा सताड उघडा झाला आणि जाण्याच्या वाटा बंद झाल्या. मधल्या मध्ये तुंबला तो माळा. तेव्हा दोष नुसता स्वभावाचा नाही. जुन्या घरात वस्तू कुठे जायची हे आधीच ठरलेले असे. आता ते आपल्याला ठरवावे लागते, आणि ठरवण्याचा कंटाळा येतो म्हणून आपण शिडी लावतो.

ही वस्तू कोणाची?

माळा आवरताना घरात भांडणे होतात ती क्वचितच वस्तूंवरून होतात. ती होतात ‘हे टाकायचं, हे ठरवणारा तू कोण?’ या एका प्रश्नावरून. सुनेला सासूबाईंचे पितळी पिंप नको असते. सासूबाईंना सुनेने ठेवलेली प्रत्येक ऑनलाइन खरेदीची खोकी नको असतात. वडिलांना मुलाचे क्रिकेटचे जुने पॅड दिसतात, पण स्वतःची स्कूटर विकून वीस वर्षे झाली तरी ठेवलेले तिचे स्पेअर पार्ट दिसत नाहीत. एक गोष्ट बहुतेक घरांत सारखीच आढळते : पुरुषाने ठेवलेले सामान ‘उपयोगी’ असते आणि बाईने ठेवलेला ‘पसारा’ असतो. खिळ्यांचा डबा हत्यार ठरतो, चिंध्यांचे बोचके मात्र अडगळ. आवरण्याचे फर्मान एक जण काढतो, धूळ पुसायला दुसरीच असते, हेही तितकेच सार्वत्रिक.

यावर उपाय एकच आहे आणि तो कुटुंबाने आधी बसून मान्य करावा लागतो. ज्याची वस्तू त्याचा निर्णय. मुलांच्या खेळण्यांनाही हा नियम लागू आहे. सहा वर्षांच्या मुलाला विचारून त्याचा मोडका ट्रक दिला, तर तो द्यायला शिकतो. शाळेत गेला असताना गुपचूप दिला, तर तो लपवायला शिकतो.

आणि या बैठकीला एका व्यक्तीला आवर्जून बोलवायला हवे, जिला बहुधा कोणी विचारत नाही. ती म्हणजे लग्न होऊन गेलेली मुलगी. तिची खोली भावाची होते, कपाट वहिनीचे होते, पलंगावर भाचा झोपतो. माहेरी तिची म्हणून उरते ती माळ्यावरची एक ट्रंक. तिच्यात तिच्या वह्या असतात, गॅदरिंगमधले फोटो असतात, नाचाचे घुंगरू असतात, कॉलेजमधल्या मैत्रिणींची पत्रे असतात. ती ट्रंक न विचारता भंगारात गेली, तर त्याची किंमत चाळीस-पन्नास रुपये येते आणि पुढची वीस वर्षे ती बहीण बोलता बोलता एकदम गप्प होते. त्यापेक्षा ‘ताई, माळा काढतोय, तू ये, आपण मिळून बघू’ हा एक फोन फार स्वस्त पडतो.

म्हातारी माणसे या कामात आडवी येतात, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. जरा त्यांच्या जागी बसून पाहावे. ज्या वस्तूंनी आपण संसार मांडला, त्या एकेक करून ‘जुन्या झाल्या, जागा अडवतात, उपयोग नाही’ म्हणून दाराबाहेर जाताना सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला काय ऐकू येत असेल? जुना, जागा अडवणारा, उपयोग नसलेला – ही विशेषणे त्याला स्वतःलाच लागू पडतात असे त्याला वाटते. पितळी पिंपासाठी चाललेला हट्ट पुष्कळदा पिंपासाठी नसतो. तेव्हा काम सुरू करण्याआधी त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडावी, माळ्याच्या खाली, उजेडात, आणि वरून येणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातात द्यावी. त्यांनी सांगायचे आणि घरातल्या एखाद्या नातवाने लिहून घ्यायचे.

संग्रह आणि अडगळ

पुण्यातल्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय बहुतेक मराठी माणसांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तू आठवून पाहा. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, फण्या, वज्री, स्वयंपाकाची भांडी. राजघराण्यांची सिंहासने शोधत ते फिरले नाहीत. लोकांच्या माळ्यांवर आणि अडगळीच्या खोल्यांत पडलेलेच सामान त्यांनी उचलले. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये हा सगळा ठेवा राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आपल्या माळ्यावरचा अडकित्ता आणि तिथल्या कपाटातला अडकित्ता यांत धातूचा फारसा फरक नसतो. तिथल्या वस्तूला नाव आहे, गाव आहे, ती कशासाठी होती हे सांगणारी चिठ्ठी आहे. आपल्याकडची वस्तू मुकी आहे.

जपानच्या मारी कोंदो यांनी काही वर्षांपूर्वी घर आवरण्याची एक पद्धत जगभर लोकप्रिय केली. वस्तू हातात घ्या आणि ती तुम्हाला आनंद देते का, हे स्वतःला विचारा, असे त्या सांगतात. स्वतःच्या कपड्यांच्या कपाटाला हा प्रश्न चांगला आहे. पण आजोबांच्या चष्म्याच्या डबीला तो कसा विचारणार? ती आनंदही देत नाही आणि टाकवतही नाही. आपल्या एकत्र भरलेल्या माळ्यांना दोन साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात : हे कोणाचे, आणि हे घरात कसे आले? ज्या वस्तूला ही दोन उत्तरे मिळतात, तिच्याबद्दल निर्णय घेणे सोपे जाते, मग तो ठेवण्याचा असो वा देण्याचा. ज्या वस्तूबद्दल खुर्चीत बसलेल्या आजीलाही काही सांगता येत नाही, ती निर्धास्तपणे जाऊ द्यावी.

आपल्याकडच्या भांड्यांनी तर हे काम अर्धे सोपे करून ठेवले आहे. पूर्वी भांडे घेतले की त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. कोणाकडून कोणाला, कोणत्या निमित्ताने, कोणत्या तारखेला, हे ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले असे. मामाने मुंजीत दिलेले तबक, आत्याने बारशाला दिलेली वाटी, नोकरीतल्या सहकाऱ्यांनी निवृत्तीला दिलेले तांब्याचे पिंप. एका घरातली अशी भांडी ओळीने मांडली, तर त्या कुटुंबाची वंशावळ आणि नात्यांची ये-जा समोर उभी राहते. ही भांडी वजनावर घालण्यापूर्वी त्यांवरची नावे उतरवून घ्यावीत, फोटो काढावेत. मग पंचवीसांतली तीन ठेवली तरी पुरतात, आणि ती तीन रोजच्या वापरात आणावीत. पितळेच्या डब्यात तांदूळ भरला, घंगाळात कुंडी ठेवली, तर वस्तू माळ्यावरून घरात येते.

कागदाला हात लावण्यापूर्वी

एका बाबतीत मात्र घाई अजिबात करू नये. ती म्हणजे जुने कागद. मराठ्यांचा इतिहास आज ज्या पायावर उभा आहे, तो पाया घराघरांतल्या बोचक्यांमधून निघाला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांतली रुमाले उघडून पाहत, कागद मागून आणत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ज्या घरांनी आपले बोचके चुलीत घातले, त्यांचा इतिहास अर्थातच कोणत्याच खंडात नाही.

प्रत्येक माळ्यावर पेशव्यांचे पत्र निघणार नाही, हे उघड आहे. पण साध्या कागदाचेही मोल अनपेक्षित वेळी कळते. जात पडताळणीसाठी प्रवर्गानुसार १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तेव्हा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत सगळे घर उलथेपालथे होते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीतले जुने कागद वाचू शकणाऱ्यांना एकदम मागणी आली. घरात मोडीतला कागद निघाला, तर ‘वाचता येत नाही’ म्हणून तो रद्दीत घालू नये. राज्याच्या पुराभिलेख विभागाने आजवर मोडीचे अनेक वर्ग चालवले आहेत आणि वाचणारे मिळतात. जुन्या चाळीत भाडेपावती हाच ताब्याचा पुरावा असतो. पुनर्विकासात तिच्यावाचून अडते.

पैशाच्या कागदांचेही तसेच. जुने शेअर सर्टिफिकेट निघाले, तर ते निरुपयोगी समजू नये, मात्र एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत, हे लक्षात ठेवावे. ज्या बँक खात्यात वा ठेवीत दहा वर्षे व्यवहार नाही, तिचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात; पण वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही. अशी ठेव शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू केले आहे. एवढे असूनही शोध सुरू होतो तो बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या एका पिवळ्या पावतीपासूनच.

फोटोंचे काम सर्वांत तातडीचे. कृष्णधवल फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव, साल लिहून ठेवावे. ते सांगू शकणारे माणूस आज ऐंशीचे असेल, तर हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. कॅसेटींचेही तेच. त्यांच्यावरची फीत दिवसेंदिवस खराब होत असते. कधीकाळी कोणी हौसेने आजोबांचे बोलणे, आजीच्या ओव्या टेप केल्या असतील, तर तो आवाज आधी उतरवून घ्यावा, मग टेपरेकॉर्डरचा निकाल लावावा.

प्रत्यक्ष काम

हे सारे बोलायला ठीक, प्रत्यक्षात काय करायचे? अनुभवी गृहिणींना सांगायची गरज नाही, तरी काही गोष्टी लिहायला हरकत नाही. एका दिवसात सगळा माळा उतरवू नये. जेवायच्या वेळेला सगळे घर सामानाने भरलेले असते, माणसे दमलेली असतात आणि त्या क्षणी घेतलेले निर्णय चुकतात. एका रविवारी एकच कोपरा घ्यावा. नाकाला फडके बांधावे, पंखा बंद ठेवावा, शिडी धरायला एक माणूस खाली उभा असावा आणि साठीच्या पुढच्या कोणीही वर चढू नये. खाली आलेल्या वस्तूंचे तीन ढीग करावेत : ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. चौथा ढीग ‘बघू’ हा असतोच, त्याला मनाई करू नये. फक्त तो एका खोक्यात भरून त्यावर तारीख लिहावी. वर्षभरात ते खोके कोणी उघडले नाही, तर उत्तर मिळाले.

द्यायच्या ढिगाबद्दल एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपण ‘दान’ म्हणतो त्यात पुष्कळदा आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे असते. बटणे तुटलेले शर्ट, पाने फाटलेली गाइडे, मिक्सरचे भांडे नसलेली मोटर हे अनाथाश्रमाला किंवा घरकामाच्या बाईंना देऊन आपण पुण्य मिळवत नाही. त्यांच्याकडे तर माळाही नसतो. जे आपण स्वतः नात्यातल्या माणसाला देऊ शकू, तेच द्यावे. ग्रंथालयांनाही जागेची अडचण असते. दिवाळी अंकांचे गठ्ठे थेट नेऊन ठेवण्याऐवजी आधी यादी पाठवावी. काही अंक त्यांना हवेही असतात, कारण १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेतले सगळे अंक कुठल्याच एका ठिकाणी नाहीत.

टाकायच्या ढिगातही हात वेगवेगळे हवेत. मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यात जाऊ नयेत. टीव्ही, संगणक, मोबाइल यांच्यासाठी देशात २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम आहेत आणि ते २०२३ पासून आणखी कडक झाले आहेत; अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच ते द्यावेत. वायर जाळून तांबे काढणाऱ्याच्या फुप्फुसात आपला जुना प्रिंटर जाऊ नये. बाकीची रद्दी, काच, पत्रा यांवर आजही कितीतरी माणसांचे पोट चालते. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, तिच्या नावातच आपल्या माळ्यावरच्या अर्ध्या वस्तू आल्या आहेत. वस्तू पुसून, वेगळी करून त्यांच्या हाती दिली, तर ती जुनी तुटलेली साखळी निदान आपल्या घरापुरती जोडली जाते.

आणि शेवटी, माळा रिकामा झाला की तो लगेच भरू नये. मोकळी जागा दिसली की घरातल्या माणसांना बेचैन होते. हातातली पहिली पिशवी वर जाते आणि तिच्यामागोमाग दुसरी. एक फळी तरी रिकामी ठेवावी.

नव्या घरात गेल्यावर ५०० चौरस फूट असोत वा हजार, ते भरायला फार काळ लागणार नाही. मुलांचे तर वेगळेच माळे तयार होत आहेत. त्यांच्या फोनमध्ये हजारो फोटो पडून आहेत आणि त्यांतले चेहरे कोणाचे, हे तीस वर्षांनी त्यांनाही सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आज आजीच्या खुर्चीशेजारी वही घेऊन बसलेला नातू हे सगळे बघत असतो. कोणती वस्तू गेली हे तो विसरेल. पण हे तबक कोणी दिले, त्या वर्षी पाऊस कसा होता, पणजीचे माहेरचे नाव काय होते, हे त्याच्या अक्षरात त्या वहीत राहील. ती वही मात्र माळ्यावर ठेवू नये.